मोठ्या बोटीसाठी गाडी

"इथं वाळूचे ट्रक मोजतात काका, बोटी नाही," वजनकाट्यावरचा माणूस खिडकीतून डोके बाहेर काढून म्हणाला.

"वजन ते वजनच. वाळूचं काय अन् बोटीचं काय," असे म्हणत सावकाशकाकांनी ट्रॅक्टरवाल्याला हात केला आणि ट्रेलर काट्यावर घ्यायला लावला.

नवी बोट येऊन दोनच दिवस झाले होते. पांढरीशुभ्र, बावीस फुटांची, पाठीला दोन इंजिने. बचाव पथकातल्या सगळ्यांनी तिच्याभोवती फिरून फोटो काढून घेतले. काकांनी फोटो काढला नाही. त्यांनी तिच्या टाक्या काठोकाठ भरल्या, मग नांगर, दोरखंड, बॅटऱ्या, जाकिटे, स्ट्रेचर असे जे जे म्हणून खऱ्या प्रसंगी बोटीत असेल ते सगळे आत रचले आणि उसन्या ट्रॅक्टरला जोडून तिला इथवर आणले. सोबत आलेल्या केमिस्टला हा नसता खटाटोप वाटत होता. तो पथकाचा चिटणीस होता आणि बोट ओढायला कुठली गाडी घ्यायची हे त्याने मनात कधीच पक्के केले होते. शोरूममधली ती लाल गाडी.

"अहो, वजन कागदावर छापलंय की. साडेचौदाशे किलो," तो म्हणाला.

"ते उपाशीपोटी वजन आहे. आपली जेवून निघणार."

ट्रॅक्टर सोडवून बाजूला घेतला. काट्यावर आकडा उमटला. ट्रेलरसकट दोन हजार सहाशे नव्वद.

लाल गाडीची ओढायची ताकद अडीच हजारांची. केमिस्टने आकडा पाहिला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला. "दोनशे किलोनं काय होतंय काका?"

"चढावर काही होत नाही. ओढायला काय, कुणीही ओढतो. उतारावर मागून एवढं धूड ढकलायला लागलं की मग कळतं, गाडी कोण अन् ट्रेलर कोण."

जलकेंद्रात व्हॉल्व्ह उघडायची-मिटायची नोकरी करणारा हा माणूस सव्वीस वर्षे पथकाची गाडी चालवत होता, तेही पदरमोड करून. 'सावकाश' हे नाव त्याला पथकाने थट्टेने दिले होते. भोंगा वाजला की बाकीचे धावत सुटत. हा मात्र आधी ट्रेलरचे कुलूप, साखळी, दिवे एकेक हाताने चाचपून बघे आणि मगच निघे. गंमत अशी, की इतक्या वर्षांत पाण्यावर पहिली पोहोचली ती नेहमी त्याचीच गाडी. वाटेत काही सुटले, निसटले, परत फिरावे लागले, असे एकदाही झाले नाही. हळूहळू थट्टा गेली आणि नाव राहिले.

मोठ्या बोटीचा हट्टही त्याचाच. दोन वर्षांपूर्वी भर तलावात प्रवासी होडी उलटली. चौदा माणसे. पथकाच्या जुन्या बोटीत एका वेळी पाच मावत. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीला बोट गेली तेव्हा उलट्या होडीला धरून राहिलेल्या चौघांपैकी दोघेच उरले होते. काका काठावर जीपपाशी उभे राहून सगळे बघत होते. आठ दिवसांनी ते पथकप्रमुखांच्या घरी गेले. हे प्रमुख म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले हेडसर. दारातच काका म्हणाले, "सर, बोट मोठी पाहिजे." हेडसरांनी त्यानंतर दोन वर्षे वर्गणीसाठी गावाचे उंबरे झिजवले.

आता बोट आली होती, पण तिला ओढण्याचे काम जुन्या जीपच्या आवाक्यातले नव्हते. गाडी निवडायचे काम हेडसरांनी काकांवर सोपवले, आणि काकांनी सोबतीला सूनबाईला घेतले. ती बेकरीची गाडी चालवायची. पहाटे निघून दुकानोदुकानी पाव टाकायची आणि दुपारी मोकळी व्हायची. बारीक अक्षरांतली माहितीपत्रके वाचायला कुणीतरी हवे, असे कारण काकांनी सांगितले होते.

शोरूमवाल्याने लाल गाडीतला टीव्हीसारखा पडदा चालू केला, गाणे लावले, छत उघडून आभाळ दाखवले. काकांनी खिशातून वर्तमानपत्र काढले, फरशीवर अंथरले आणि ते गाडीखाली शिरले.

"सूनबाई, ब्रेक असलेला ट्रेलर किती ओढते लिहिलंय? अन् ट्रेलर अडकवायच्या हुकाच्या गोळ्यावर भार किती सोसते?"

"अडीच हजार बाबा. अन् गोळ्यावर शंभर."

"आपल्याला अडीचशेच्या घरात लागेल. चल."

असे सहा ठिकाणी झाले. सातव्या ठिकाणी, टेलिफोन कंपनीने विकायला काढलेल्या गाड्यांच्या रांगेत, एक मातकट रंगाची, लांबलचक, बोजड गाडी उभी होती. चारही चाकांना ताकद, दांडगी चौकट, साडेतीन हजार ओढायची क्षमता. दिसायला अगदीच ओबडधोबड. काका तिच्याखालून बाहेर आले तेव्हा पाठीला माती होती आणि चेहऱ्यावर समाधान.

"रूपानं यथातथाच आहे," सूनबाई म्हणाली.

"संसार रूपावर होत नाही. तुझ्या सासूबाईंनी मला बघूनही होकार दिला ना."

गाडी पंधरा दिवसांच्या बोलीवर पारखायला मिळाली. काकांनी आधी ट्रेलरवरची बोट वीतभर पुढे सरकवून बांधली. ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे हुकाच्या बाजूला, भार कमी पडला तर ट्रेलर वाटेत शेपूट हलवतो आणि जास्त पडला तर गाडीच बूड टेकते, हे त्यांनी सूनबाईला हाताने उचलून, दाबून समजावले. मग चाकांत ग्रीस भरले, ब्रेकची तार बदलली आणि रविवारी बाजाराच्या रिकाम्या मैदानात तेलाचे डबे मांडून, बोट पाण्यात सोडायच्या धक्क्याच्या उताराएवढी वाट आखली. या वाटेतून गाडी मागे घेत बोट आत न्यायची होती. पथकात हे काम सफाईने करणारा माणूस एकच होता, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होते.

पहिल्या खेपेला डावीकडचा डबा आडवा झाला. काका उतरले, डबा उभा केला, पुन्हा बसले. दुसऱ्या खेपेला तोच डबा. तिसऱ्या खेपेला डबा चाकाखाली चेपला तरी त्यांना ते कळले नाही. सूनबाईने हात हलवून थांबवले.

"बाबा, डबा दिसला नाही का?"

"दिसला. गाडी नवीन आहे, अंदाज यायला वेळ लागतो."

सूनबाईने त्यांच्याकडे पाहिले आणि ती दुसरा डबा आणायला गेली. ती परतली तेव्हा काका डाव्या बाजूच्या सीटवर सरकून बसले होते. "तू बघ बरं एकदा," ते म्हणाले.

"मी? ट्रेलर कधी लावला नाही मी."

"हात स्टिअरिंगच्या खालच्या अंगाला धर. ट्रेलर ज्या बाजूला न्यायचा त्या बाजूला हात ने. अन् बघायचं ते ट्रेलरकडे, गाडीकडे नाही. मागं जाताना ट्रेलर म्हणजे रुसलेला पाहुणा. ओढाताण केली की आणखी वाकडा होतो. थोडं-थोडं चुचकारायचं."

तिने दोनदा वाकडा केला. तिसऱ्यांदा बोट दोन्ही बाजूंच्या डब्यांना स्पर्श न करता सरळ आत गेली, जशी फडताळात परात जावी.

"कुठं शिकलीस?" काकांनी विचारले.

"बेकरीच्या बोळात गाडी वळत नाही बाबा. सहा वर्षं उलटीच बाहेर काढतेय."

सोमवारी काका एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरीणबाईंनी त्यांना एका यंत्रासमोर बसवले. ठिपका दिसला की बटण दाबायचे. काका बराच वेळ वाट बघत बसले. त्यांना वाटले, यंत्र बिघडले.

"काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "नजरेची डावीकडची कड गेलीय. गेलेली परत येत नाही. उरलेली मात्र आपण राखू."

"अन् गाडी?"

बाईंनी चिठ्ठी लिहिता लिहिता पेन थांबवले. "तुम्हीच सांगा काका. डाव्या बाजूनं एखादी सायकल आली, तर?"

घरी त्यांनी फक्त थेंबांची बाटली दाखवली. कोरडेपणा आहे, म्हणाले. पाच दिवस त्यांनी ते तसेच पोटात ठेवले. पथकात कुणाला कळायचे कारण नव्हते. धक्क्याचा उतार पाठ होता. डोळे मिटूनही गेलो असतो, असे ते स्वतःला सांगून बघत. पण नंतर त्यांच्याच मनात येई, पाठ असते ती वाट, वाटेवरची माणसे पाठ नसतात.

सहाव्या दिवशी जेवताना बायकोने पाण्याचा तांब्या मुद्दाम त्यांच्या डाव्या हाताला ठेवला. काका शोधत राहिले. तिने तो उचलून समोर ठेवला.

"अहो, महिना झाला मी बघतेय," ती म्हणाली. "सांगाल तेव्हा सांगाल, म्हणून गप्प होते."

"उद्या बैठक आहे," काका म्हणाले. "उद्या सांगतो."

बैठकीत गाडीचा निर्णय झटपट झाला. वजनकाट्याची चिठ्ठी केमिस्टनेच वाचून दाखवली आणि मातकट गाडीला हात वर केला. हेडसर समाधानाने म्हणाले, "आणि चालक आपला नेहमीचाच. हे काही लिहायला नको."

"लिहायला पाहिजे सर," काका उठून उभे राहिले. "चालक मी नाही. मला डावीकडचं दिसत नाही. डॉक्टरांचा कागद आणलाय."

काका त्याच आवाजात पुढे बोलत राहिले, जणू बोटीचे वजन सांगत होते. "मला एक नाव सुचवायचंय. आमची सूनबाई. घरातली आहे म्हणून सांगत नाही. म्हणून तर सांगायला जड जातंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मैदानात डबे मांडलेत. सगळ्यांनी बसून बघा. जो नेईल तो चालक."

सगळे मैदानात गेले. आधी केमिस्ट बसला आणि त्याने बोट थेट भाजीच्या ओट्याकडे नेली. मागोमाग चौघे बसले. कुणाचा एक डबा पडला, कुणाचे तीन. शेवटी सूनबाई आली, पीठ लागलेला ॲप्रन काढून तिने मागच्या सीटवर टाकला आणि एका दमात बोट आत घातली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. केमिस्ट मात्र काकांजवळ येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काका, मी असतो तर तो कागद दाखवला नसता."

"दाखवला असता," काका म्हणाले. "माणूस पाण्यात असला की सगळे दाखवतात."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूनबाईच्या उंचीप्रमाणे सीट पुढे घेतली, आरसे तिला बसवून तिच्या नजरेने लावले आणि गाडीची किल्ली तिच्या हातात दिली. तिने वाकून नमस्कार केला तेव्हा ते एवढेच म्हणाले, "साखळी बघत जा."

तीन आठवड्यांनी, दुपारी अडीचच्या सुमाराला, भोंगा वाजला. प्रवासी होडीचे इंजिन बंद पडले होते आणि ती अकरा माणसांसह बंधाऱ्याकडे वाहत चालली होती. काका जलकेंद्रात होते. हातातला पाना सोबत्याकडे देऊन ते बाहेर पडले आणि धावत, आयुष्यात पहिल्यांदाच धावत, धक्क्याच्या चौकात आले. शाळा सुटायची वेळ. रिक्षा, स्कूटर, सायकली यांची नुसती खिचडी झाली होती. काका चौकाच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात वर केले.

लोक ओळखीचे होते, थांबले. मातकट गाडी वळणावरून आली. काकांनी ट्रेलरकडे पाहिले. साखळी होती. दिवे लागले होते. बोट जराही हलत नव्हती. सूनबाईने त्यांच्याकडे बघितले नाही, आणि हे त्यांना बरे वाटले. गाडी त्यांच्या शेजारून वाऱ्यासारखी पुढे गेली, उताराच्या तोंडाशी थांबली आणि उलटी पाण्याकडे जाऊ लागली.

उताराकडे काकांची पाठ होती. वळून पाहायचे तर हात खाली घ्यावे लागले असते. त्यांनी फक्त ऐकले. ब्रेकचा आवाज. चाकांखाली पाणी फुटल्याचा आवाज. एकदाच. मग एक इंजिन सुरू झाले, लगेच दुसरे, आणि दोन्ही आवाज एक होऊन तलावाच्या मध्याकडे लांब जाऊ लागले.

समोरच्या स्कूटरवाल्याने मान उंचावून विचारले, "काय झालं काका?"

"काही नाही," काका म्हणाले. "बोट उतरली."

आणि मग त्यांनी हात खाली घेतले, शर्टाच्या बाहीने तोंड पुसले आणि आधी शाळेच्या मुलांना, मग सायकलींना, मग बाकीच्यांना एकेक करून वाट मोकळी करून दिली.