काठावरची खुर्ची

एकोणीसशे अडुसष्ट साली, परदेशातल्या एका रुग्णालयात नर्स म्हणून रुजू होण्याच्या बारा दिवस आधी, मी दोन दिवस रेल्वेने आणि अर्धा दिवस बसने घरी गेले. पाय इतके सुजले होते की चपला हातात घेऊन उतरले. निरोप घ्यायला जाते, असं सगळ्यांना सांगितलं होतं. खरं म्हणजे मला घरच्यांबरोबर एक फोटो हवा होता. मी गेल्यावर त्या घराच्या भिंतीवर तरी असावं, एवढंच.

बाबांचा फोटो स्टुडिओ होता. पुढे स्टुडिओ, मागे घर. लहानपणी फोटोंच्या कडा कापायचं काम माझ्याकडे असे, त्यामुळे बाबांचा नियम मला पाठ होता. ज्याची खात्री नाही त्याला काठावर बसवायचं, शेजारच्यापासून दोन बोटं लांब. नुकतं लग्न ठरलेला मुलगा, भांडखोर भागीदार, असे सगळे काठावर. "काठावरचा एका घावात जातो," बाबा म्हणत. "मधला काढायचा तर दुसऱ्याचा खांदा जातो." दहा वर्षांची असताना मी एक अख्खा होणारा जावई कापून डब्यात टाकला होता. भारी गंमत वाटली होती.

दारात बाबांनी माझ्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. "आलीस? मला वाटलं, तिकडूनच हात हलवशील."

"अहो, आत तर येऊ दे तिला," आई म्हणाली. ती फार वाळली होती. तब्येत विचारली तर म्हणाली, "मला काय धाड भरलीये!"

जेवायला टेबलावर रंगवालीही होती. काळ्या-पांढऱ्या फोटोंना हाताने रंग देणारी ही विधवा सहा वर्षांपासून स्टुडिओत कामाला होती. पूर्वी ती डबा आणायची. आता बाबांच्या ताटात मीठ कमी पडलंय, हे आईच्या आधी तिला कळत होतं. मी ते पाहिलं आणि घास गिळला. मला माझ्या फोटोची पडली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांनी चार खुर्च्या मांडल्या आणि फोटो टिपायला दाबायचा कॅमेऱ्याचा रबरी फुगा रंगवालीच्या हातात दिला. "मी सांगितलं की दाब." मग एकेकाला जागा दाखवली. एका कडेला स्वतः, मग आई, मग माझा थोरला भाऊ. चौथी खुर्ची दोन बोटं लांब होती.

"तू तिकडे," बाबा मला म्हणाले.

"मी काठावर नाही बसणार."

"का गं?" दादा हसला. तो टपाल कचेरीत कारकून होता आणि आपण फार विनोदी आहोत अशी त्याची समजूत होती. "पृथ्वीच्या टोकाला निघालीस, आणि खुर्चीच्या टोकाला नको?"

"बाबा, मला नियम माहीत आहे."

"मग बस की गपगुमान. जाणारा माणूस काठावर. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

मी खरंच रडत होते. अडीच दिवसांचा प्रवास करून आले होते ती त्या खुर्चीवर बसायला नव्हे.

आई उठली. "तिला मध्ये घ्या. मी बसते तिकडे. मला कोण कापणार आहे?"

सगळे हसले. रंगवालीही हसली. बाबा तेवढे हसले नाहीत. ते म्हणाले, "चालेल."

आईला मी "नको" म्हणायला हवं होतं. रंगवालीच्या हातातला फुगा मला दिसत होता, आईची हाडं दिसत होती, मीठ आठवत होतं. मी डोळे पुसले आणि आईच्या ऊबदार खुर्चीत पटकन बसले. माझ्या पलीकडे दादा होताच. काठावर बसलेल्या आईने दादाच्या पाठीमागून हात लांब करून माझ्या खांद्यावर ठेवला.

"हात खाली," बाबा म्हणाले.

आईने मान डोलावली. हात काढला नाही.

"दाब!"

प्रत नंतर पाठवतो, असं बाबा म्हणाले. आईने पत्रात लिहिलं, 'फोटोत तू छान हसली आहेस.' मी गेल्यावर पाचव्या महिन्यात ती गेली. दुखणं छातीचं होतं, घरात सर्वांना माहीत होतं. त्यानंतर आठ महिन्यांनी बाबांनी रंगवालीशी लग्न केलं.

नऊ वर्षांनी मी घरी गेले तेव्हा तो फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत लावलेला होता. बाबा, मी, दादा. माझ्या एका खांद्यावर शालीची किनार होती, निळी, फुलाफुलांची. मी शाल कधी वापरली नाही.

"बाई, हे काय?"

"हात निघेना," रंगवाली म्हणाली. "तुझा खांदा गेला असता. मग रंगवून टाकला. छान नाही झालं?"

फोटोवाल्याच्या घरात आईचा दुसरा फोटो नव्हता. फोटो काढताना ती नेहमी दिवा धरून उभी असायची.

पुढे बाबांची दृष्टी गेली. ते फोटो चाचपून "हा कोण?" विचारत आणि रंगवाली तोंडाला येईल ते नाव सांगे. बाबांच्या मागे ती आपल्या भाचीकडे राहिली, तिथेच वारली. दादाने स्टुडिओ चपलांच्या दुकानाला भाड्याने दिला आणि ज्यांवरून प्रती काढायच्या त्या फोटोंच्या जुन्या काचा धुऊन कोंबड्यांच्या खुराड्याला बसवल्या; आई असलेली आमच्या फोटोची काच त्यातच होती. मला ती मागायचं सुचलं तोवर दादाही उरला नाही.

मी परदेशीच निवृत्त झाले. फोटो माझ्याकडे आहे. भिंगातून पाहिलं की किनारीच्या तिसऱ्या फुलाखाली एक नख दिसतं.