माझ्या बाजूचा जास्तीचा फूट

शनिवारी दुपारी अर्जुनरावांनी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली आणि सुरेंद्रने खणलेल्या पायाच्या खड्ड्यांशेजारी मांडली. हातात टेप होती आणि खिशात महापालिकेला द्यायचा तक्रारीचा अर्ज.

"आता वत म्हनावं काँक्रीट," ते खुर्चीत बसत म्हणाले. "माज्या अंगावर वत."

आकुर्डीतल्या आमच्या गल्लीत तीन प्लॉट एका ओळीत आहेत. एका बाजूला अर्जुनरावांचं दुमजली घर, दुसऱ्या बाजूला माझं, मधे सुरेंद्रचा प्लॉट. तिन्ही मिळून एकेकाळी अर्जुनरावांच्या वडिलांचं ज्वारीचं वावर होतं. सुरेंद्र चाकणच्या एका कंपनीत तयार पार्ट तपासतो. केसाएवढा फरक असला तरी पार्ट परत पाठवतो, असा त्याचा लौकिक. जुनं घर पाडून तो नवं बांधत होता आणि तोवर सगळं कुटुंब दापोडीत रेल्वेरुळाजवळच्या दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होतं. त्याची मुलगी सलोनी यंदा दहावीला. गाडी गेली की खिडकी थडथडते आणि पाठ केलेलं विसरायला होतं, असं ती मला म्हणाली होती. डिसेंबरपर्यंत घर झालं तर निदान शेवटचे महिने तरी तिला शांतपणे अभ्यास करता येणार होता.

रविवारी दुपारी काँक्रीटची गाडी यायची होती. अर्ज आत गेला असता तर काम किती महिने अडकलं असतं, कोण सांगणार?

भांडण एका फुटाचं होतं. मंजूर नकाशाप्रमाणे घराच्या दोन्ही अंगांना पाच-पाच फूट मोकळी जागा सोडायची होती. अर्जुनराव म्हणत होते, माझ्या भिंतीकडून चारच सोडलेत. सुरेंद्र म्हणत होता, पाच.

माझ्या ओट्यावर शनिवारी गल्लीतली पाचसहा मुलं गणितं सोडवायला बसतात. आरडाओरडा वाढला तशी सगळ्यांची पेन्सिल थांबली. मी त्यांना वीस उदाहरणं घातली आणि चपला घालून बाहेर पडले.

"कंपनीत केस मोजतोस आन् हितं आख्खा फूट गिळतोस व्हय रं?" अर्जुनरावांचा आवाज तापला होता.

"तुमची टेप कुठल्या जत्रेतली आहे ती आधी सांगा," सुरेंद्र म्हणाला. "मी स्वतः मोजलंय. दोनदा!"

"मग मी काय झोपंत मोजलं?"

गवंडी ज्योतीराम थापी पुसत उभा होता. पुसण्यासारखं तिच्यावर काही नव्हतं.

चाळीस वर्षं मी चौथीला शिकवलं. मुलाचं उत्तर चुकलं की मी कधी 'चूक' म्हणत नसे. पुन्हा माझ्यासमोर सोडव म्हणायचे. कुठे घसरला ते त्याचं त्यालाच दिसतं.

"सुरेंद्र," मी म्हटलं, "पहिल्या दिवशी जसं मोजलंत तसंच करून दाखव. तीच टेप, तीच माणसं."

"बाई, आता नाटक कशाला?"

"दाखव तर."

ज्योतीरामने आपली टेप काढली. तिच्या टोकाची पत्र्याची आकडी झिजून सैल झाली होती. सुरेंद्रने ते टोक सोडून दिलं आणि टेपवरची एक फुटाची रेघ अर्जुनरावांच्या भिंतीला नेमकी टेकवली.

"टोक झिजलं की पुढच्या रेघेपासून मोजायचं आणि तेवढं वजा करायचं," तो मला समजावून सांगू लागला. "कंपनीत आम्ही नेहमी असंच करतो."

"छान. ज्योतीराम, तुम्ही?"

ज्योतीरामने टेप ताणली आणि आखणीच्या दोरीवर बोट ठेवलं. "हे बघा बाई. पाच!"

सुरेंद्र टेपच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पाहत राहिला.

"अरे, सहावर धरायचं होतं ना," तो हळूच म्हणाला.

"मला काय ठाऊक, साहेब? मी पाच ना म्हणून विचारलं, तुम्ही पाच म्हणालात. मला वाटलं, तुम्ही शून्य धरलंय."

"बघा!" अर्जुनराव खुर्चीतून उठलेच. "कबूल झाला. एक फूट खाल्ला का न्हाई?"

"थांबा," मी म्हटलं. "आता माझी बाजू मोजा."

माझ्या कुंपणाकडे कोणी मोजलंच नव्हतं. पुढची सगळी मापं ज्योतीरामने त्या पहिल्या दोरीवरून काढली होती आणि राहिलेली जागा माझ्याकडे आपोआप पाच होईल असं धरलं होतं. या वेळी अर्जुनरावांची टेप घेतली. तिकडे भरले सहा फूट.

"आता सांगा अर्जुनराव," मी म्हटलं. "एका शेजाऱ्याचा फूट चोरून तो दुसऱ्या शेजारणीला फुकट वाटणारा चोर तुम्ही कधी पाहिलात?"

कुंपणापलीकडे मुलं हसली. वीस उदाहरणं कधीच मागे पडली होती. अर्जुनरावांनी टेप दोनदा मागेपुढे केली, पण सहाचे पाच होईनात.

सुरेंद्र त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. "चूक माझीच आहे. तुमची टेप बरोबर होती. मी उगाच वाट्टेल ते बोललो."

अर्जुनराव खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "मला आठ दिसापूर्वीच ठाऊक हुतं. आखणी झाली त्याच सांजेला मोजलं मी."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"बगू म्हनलं, कुठवर जातो." ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "बाई, ह्या मातीत माज्या बापानं हयात घालवली. हितं भूमिपूजन झालं आन् आमाला नारळ फोडल्याचा आवाज भिंतीपल्याड ऐकू आला. एक हाक न्हाई मारली ह्यानं."

सुरेंद्रचा चेहरा पडला. "पहाटेचा मुहूर्त होता, अर्जुनराव. साडेसहाला कंपनीची बस. आम्ही दोघांनीच घाईत उरकलं. कोणालाच नाही बोलावलं."

"मलाही नव्हतं बोलावलं," मी म्हटलं. "पण मी खुर्ची टाकून बसले का?"

आता अर्जुनरावांनाही हसू आवरेना. "तुमाला एक फूट जास्तीचा मिळाला हुता, बाई!"

पण हसून खड्डे सरकत नव्हते. बारा खड्डे, प्रत्येक एक फूट माझ्या बाजूला न्यायचा, लोखंडी जाळ्या उचलून पुन्हा ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी. ज्योतीराम म्हणाला, "हातानं चार दिवस तरी लागतील."

अर्जुनरावांनी खिशात हात घातला. मला वाटलं, अर्ज काढतात. त्यांनी फोन काढून मुलाला लावला.

"रणजीत, जेसीबी कुठं हाय? ... चाकणला? उद्या सकाळी सातला घरी आण. ... आरं, शेजारच्या सुरेंद्रकडं. ... व्हय, त्याच्याकडंच! तुज्या बाई हितंच उभ्या हायत, लई प्रश्न इचारू नको."

रविवारी सकाळी रणजीतचा पिवळा जेसीबी गल्लीत शिरला तेव्हा सुरेंद्र नारळ, हळदकुंकू आणि कुदळ घेऊन उभा होता. दापोडीहून त्याची बायको मधुवंती आणि सलोनीही आल्या होत्या. त्याने कुदळ अर्जुनरावांच्या हातात दिली. अर्जुनरावांनी टोपी सारखी केली, मातीला हात लावून कपाळाला लावला आणि पहिला घाव घातला. त्यांच्या रुक्मिणीबाईंनी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. रणजीतलाही दिली, पण वर म्हणाल्या, "भिंतीला धक्का लावलास तर बघ."

खणण्याआधी नवी दोरी बांधायची होती. अर्जुनरावांनी नवी टेप काढली आणि तिचं टोक आपल्या भिंतीला स्वतः दाबून धरलं.

"शून्य!" ते ओरडले.

"पाच!" पलीकडून ज्योतीराम ओरडला.

"शून्य न्हवं का रं, नीट ऐकलंस?"

"ऐकलं, अर्जुनराव! अख्ख्या गल्लीनं ऐकलं!"

साडेअकराला शेवटचा खड्डा सरकला. दोन वाजता काँक्रीटची गाडी आली, तेव्हा अर्जुनराव त्याच खुर्चीत बसले होते, फक्त खुर्ची आता सावलीत होती आणि शेजारी दुसऱ्या खुर्चीत सलोनी पुस्तक उघडून बसली होती. मधेच ते ड्रायव्हरला हात करून सांगत होते, "सावकाश घे, भावा. पोरगी वाचतीया."