रिपोर्टच्या सकाळी दुप्पट पुडी

सभागृहात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मंचावर मोठा पडदा, पडद्यावर रक्ताचा रिपोर्ट आणि त्याच्यापुढे पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले आकडेबाबा. मंत्र नाही, ताईत नाही, हे बाबा म्हणे शास्त्रीय!

"रक्त दाखवा, आकडा दाखवा!" बाबा गरजले. "माझी पुडी पोटात गेली की कॅन्सरचा आकडा खाली आलाच म्हणून समजा. रक्त कधी खोटं बोलतं का?"

"नाही!" सगळं सभागृह ओरडलं.

पडद्यावरचा रिपोर्ट शिंपीकाम करणाऱ्या अण्णांचा होता. ट्यूमर मार्कर, म्हणजे रक्तातली कॅन्सरची खूण, आधी अठ्ठेचाळीस, मग सतरा, मग तीन. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत अण्णांशेजारी बसलेल्या त्यांच्या लेकीनेही हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? ती लॅबमध्ये रक्त तपासायची, लोक तिला रक्तवाली ताईच म्हणत, आणि त्या तिन्ही रिपोर्टांवर सही तिचीच होती.

अण्णांना जठराचा कॅन्सर. ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, "केमोचे सहा डोस पुरे करा. रक्तातला हा मार्कर म्हणजे नुसता निरोप्या. तो चढला तर आजार परतल्याची शंका घ्यायची आणि स्कॅन करायचा. पण उतरला म्हणून गाफील राहायचं नाही. एकट्या आकड्यावर कुणाचं भविष्य ठरत नाही."

दोन डोसांनंतर आकडा चढला. अण्णांचं अवसान गळालं आणि त्यांनी बाबांचा रस्ता धरला. केमो बंद, पुडी सुरू. ताईने आकाशपाताळ एक केलं. पण तिची समजूत काढली ती सरांनी. सर म्हणजे ही लॅब उभी करणारे, तिला सुई धरायला शिकवणारे, आता निवृत्त झालेले. ते म्हणाले, "मशीन तुझं, सही तुझी. आकडा उतरला नाही तर पुडी फेकून दे. मग तर झालं?" सरांचा शब्द म्हणजे तिच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ. ती गप्प बसली.

आकडा उतरत गेला, पण अण्णाही उतरत गेले. दोन घास पोटात ठरेनात. स्वतःची पँट त्यांनी दोनदा आत घेतली.

"अण्णा, उद्या रक्त द्यायचंय, लक्षात आहे ना?" चौथ्या तपासणीच्या आदल्या रात्री ताईने विचारलं.

"आहे गं. सकाळी दुप्पट पुडी घ्यायचीय, दोन तास आधी."

"दुप्पट? ती कशाला?"

"बाबांचा नियम. रोज एक, रिपोर्टच्या सकाळी दोन. ही बघ चिठ्ठी."

ताईने चिठ्ठी घेतली आणि पुन्हा पुन्हा वाचली. 'दोन तास' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या होत्या. ते अक्षर ती रोज बघत होती. लॅबमधल्या मशीनच्या कडेला त्याच अक्षरातला एक पिवळा पडलेला कागद होता: 'केस-नखांसाठी बायोटिन घेणाऱ्यांचं रक्त लगेच घेऊ नका. मार्कर खोटा कमी येतो. दोन दिवस थांबा.' त्यातही 'दोन दिवस'खाली दोन रेघा. अक्षर सरांचं.

तरी तिने शहानिशा केली. स्वतःचं रक्त काढलं, दुप्पट पुडी घेतली, दोन तासांनी पुन्हा काढलं. तिच्या रक्तात मार्कर मुळातच नगण्य, म्हणून तिने थायरॉइड तपासला; ती तपासणीही त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने होते. सकाळी ठणठणीत असलेला तिचा आकडा दोन तासांत जवळजवळ शून्यावर आला. अण्णांची पुडी तिने चार दिवस बंद ठेवली आणि मग त्यांचं रक्त मशीनवर लावलं.

दोनशे बारा.

ती तशीच सरांच्या घरी गेली.

"सर, पुडीत बायोटिन तुम्ही घातलंत?"

सर चष्मा पुसत राहिले. "अपाय नाही त्याने. साधं जीवनसत्त्व आहे. लोकांना आशा लागते गं."

"अपाय नाही? माझ्या बापाचे चार महिने गेले! आणि सही माझी घेतलीत. माझीच! तुम्हाला मी देव मानत होते हो, सर."

तिला रडू आवरेना.

पुढच्या सभेत बाबा पुन्हा गरजले, "रक्त कधी खोटं बोलतं का?" आणि अण्णा काठी टेकत उठले. ताईने तीनचा आणि दोनशे बाराचा, दोन्ही रिपोर्ट वर धरले आणि सांगितलं, "रक्तातली खूण पकडायला मशीन बायोटिनचाच दुवा वापरतं. रक्तात बायोटिनचा पूर आला की पकडायच्या जागा तोच अडवून बसतो. खूण धुऊन जाते आणि मशीन म्हणतं, नाहीच! आजार मात्र असतो तिथेच असतो."

मागून कुणीतरी खेकसलं, "आम्हाला नाही कळलं!"

अण्णांनी गळ्यातली टेप काढली. तिच्यात रबर शिवलेलं होतं. ती ताणून त्यांनी स्वतःच्या छातीभोवती धरली. "बघा, छाती चार इंच कमी भरली. मी एका क्षणात बारीक झालो का? टेप ताणली की आकडा उतरतो, माणूस नाही. तुमची टेप यांनी ताणलीय."

बाबा "हा कट आहे, कट!" म्हणत मागच्या दाराने सटकले. काही जण उठून ताईकडे आले, काही मात्र तिलाच शिव्या घालत बसून राहिले. भक्ती अशी सहज सुटत नाही.

अण्णांचा स्कॅन झाला. डॉक्टर म्हणाले, "उपचार करू, पण चार महिने आधी हातात जेवढं होतं तेवढं आता नाही."

तेव्हा मंडळी, एवढं करा. औषधाने गुण येतोय म्हणणाऱ्याला विचारा, रक्त देण्याआधीच ते दुप्पट का घ्यायचं? आकडा उतरला तर माणसाची भूक, वजन, ताकद का परतली नाही? आणि घेता ते सगळं, अगदी साधी पुडीसुद्धा, डॉक्टरांना सांगा.

लॅबच्या फॉर्मवर 'इतर औषधे' असा एक रकाना असतो. ताई आता तो प्रत्येकाला विचारून भरते. मिनिटभर लागतं. अण्णांच्या तिन्ही फॉर्मवर तिने, घरचाच माणूस म्हणून आणि पुडी कसलं औषध म्हणून, न विचारताच 'नाही' लिहिलं होतं.