शेपूचे तेल आणि बदनाम चंबू

मित्रांनो, मी एक जुना काचेचा चंबू आहे. पोट गोल, मान लांब, आणि अंगावर इतके ओरखडे की माझ्यातून पलीकडचे धड दिसत नाही. बोलायचेही आता जिवावर येते. पण एकदा माझ्यावर आळ आला होता, तेवढे सांगतो.

चिंचपोकळीच्या एका लहानशा कारखान्यात विठोबा नावाच्या कारागिराने तापलेल्या काचेत फुंकर घालून मला फुगवले. तिथून मी परळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. उकळायचे, थंड व्हायचे, घासून घ्यायचे आणि पालथे पडायचे, हेच माझे आयुष्य. नवा होतो तेव्हा मुले मला उजेडात धरून कौतुक करायची. ते काही फार टिकले नाही.

ते संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. खिडकीखालून मोर्चे जात आणि घोषणांनी फळीवरची आम्ही भांडी किणकिणत असू. त्या दिवसांत माझ्या टेबलावर गुणवंती संशोधनाला आली. तिचे वडील सीताराम गिरणीत विणकर होते. घराने नुकतीच धम्मदीक्षा घेतली होती. त्यांच्या चाळीत एवढी शिकलेली ती पहिलीच मुलगी.

तिचे मार्गदर्शक असलेल्या नाडकर्णी सरांनी तिला अभ्यासाला शेपूच्या तेलातले कार्व्होन दिले. ते एक टर्पीन कीटोन, म्हणजे वासाच्या तेलांत सापडणारा, कार्बनच्या कड्याचा पदार्थ. कड्याबाहेर आलेल्या त्याच्या टोकाला एक दुहेरी बंध असतो. मॅलेइक अॅनहायड्राइड या रसायनाबरोबर तापवले की ते रसायन त्या टोकाला येऊन चिकटते, शेजारचा एक हायड्रोजन उचलते, आणि दुहेरी बंध सरकून हायड्रोजन गेला त्या बाजूला जातो. याला ईन क्रिया म्हणतात. आता हायड्रोजन कुठला जाईल? कड्याबाहेरच्या मोकळ्या मिथिल गटाचा की कड्यातला? मिथिलपाशी तीन हायड्रोजन आणि ऐसपैस जागा. कड्यात एकच, तोही अडचणीत. मिथिलचाच जाणार, हे सरांनी आधीच ठरवून टाकले होते.

तपासायची रीत सोपी होती. तयार झालेला पदार्थ माझ्यात घालून ओझोन वायू सोडायचा; तो दुहेरी बंध तोडतो. मिथिलचा हायड्रोजन गेला असेल, तर दुहेरी बंध पुन्हा टोकालाच राहतो आणि तुटताना फॉर्मल्डिहाइड देतो. मग फॉर्मल्डिहाइड ओळखणारे डायमेडोन घातले की पांढरे कण खाली बसतात.

गुणवंतीने डायमेडोन घातले. कण आले नाहीत. पुन्हा केले, पुन्हा पाणी नितळ.

"चंबूत अॅसिड राहिलं असणार. त्यानं फॉर्मल्डिहाइड खाल्लं," सर म्हणाले.

झाले! सगळे खापर माझ्यावर. अॅसिड, साबण, ब्रश, पुन्हा अॅसिड. माझी सालटी निघायची बाकी होती. मग सरांनी मला शिपाई बाबुरावांकडून धुऊन घेतले. तरीही पाणी नितळच. तरी दोष गुणवंतीच्याच हातांना देत सर सगळ्यांदेखत म्हणाले, "भांडी धुवायची रीत घरातच असावी लागते. या महिन्यात कण दिसले नाहीत, तर टेबल दुसऱ्याला देईन."

गुणवंतीने मला पुन्हा स्टँडवर लावले. मला मात्र स्वतःवरच्या आळापेक्षा ते वाक्य जास्त लागले.

महिना संपत आला आणि हरताळ पडला. ट्राम बंद, दुकाने बंद, बाबुरावही मोर्चात. सर शिवाजी पार्कवरून तरातरा चालत आले, तर गुणवंती आधीच हजर.

"धुवायला कुणी नाही," सर कुरकुरले.

"म्हणूनच सर, आज तुम्हीच धुवा. आणि आधी नुसतं कार्व्होन लावून बघा, त्याच्या टोकाला दुहेरी बंध आहेच. चंबू खराब असेल, तर त्याचेही कण येणार नाहीत."

सरांनी बाह्या सरसावल्या. इतक्या वर्षांत त्यांचा हात मला प्रथमच लागला. घासायची सवय नव्हती, दोनदा मी निसटता निसटता वाचलो. कार्व्होन घातले, ओझोन सोडला, डायमेडोन टाकले. पांढरे कण भराभर खाली बसले. सरांनी मला पुन्हा धुतले आणि गुणवंतीचा पदार्थ घातला. पाणी नितळ. खालून मोर्चा जात होता, आणि सर माझ्याकडे टक लावून बसले होते. नितळ ते नितळच.

"म्हणजे कड्यातला हायड्रोजन गेला," ते हळूच म्हणाले. "असं व्हायला नको होतं."

"पण झालंय, सर."

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर आले. बाबुरावांनी मला उचलले. "सर, ह्या चंबूचा काय करूचा? नवीन मागवू?"

"नको. चंबू स्वच्छ होता," सर सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले.

गुणवंती उभी राहिली. "आणि माझे हात, सर?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"हातही," ते म्हणाले. "मी बोललो ते वाईट बोललो."

टेबल तिचेच राहिले. मी आता अडगळीत आहे, त्याची तक्रार नाही. मनासारखे उत्तर आले नाही, तर तुम्ही भांडे खुशाल पुन्हा घासा. आम्हाला सवय आहे. पण काचेवरचा आळ सरांनी आपणहून काढला, आणि तिच्यावरचा काढायला तिला भर प्रयोगशाळेत विचारावे लागले. मित्रांनो, तुम्ही कुणावर तशी वेळ आणू नका.