हाकेला ओ

आमच्या शेरडांना बोलवायची आप्पांची, म्हणजे माझ्या वडलांची, एक हाक आहे. जिभेनं दोनदा टक् टक् करायचं, मग घशातून लांबच लांब 'हीऽऽर्रर्र' काढायचं आणि शेवटी श्वास आत ओढून घ्यायचा. राजुरीत शेरडं पुष्कळांकडे आहेत, पण अशी हाक दुसरं कुणी मारत नाही. हाक मारून झाली की आप्पा क्षणभर कान देऊन थांबतात आणि मगच पाला खाली टाकतात. थांबता कशाला, असं मी लहानपणी विचारलं होतं. "काय म्हाईत. सवय हाय," म्हणाले. मग मीही तशीच हाक शिकले, थांबण्यासकट.

मला प्रश्न फार पडतात. आई म्हणते, हर्षालीचं नाक तिच्याआधी दुसऱ्याच्या घरात शिरतं. ते नाक आजीवर गेलंय, असं सगळं गाव म्हणतं. साळुबाई म्हणजे माझी आजी. आप्पा तिच्या पोटचे नाहीत, घोडेगावच्या तिच्या भावाचा मुलगा तिनं मांडीवर घेतला, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. तरी आत्या-भाच्याचं नातं म्हणजे नाक यायला हरकत नव्हती.

मी दहावीत होते तेव्हाची ही गोष्ट, दोन हजार चार सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. आमचा बोकड विकायचा होता आणि बेल्ह्याच्या बाजारात आप्पा पाऊल टाकत नाहीत. आजीनं तशी शपथच घातली आहे. कारण ना तिनं कधी सांगितलं, ना आप्पांनी विचारलं. म्हणून दरवेळी चुलतभाऊ पप्पूदादा टेंपोतून जनावर घेऊन जातो. या वेळी मी हट्टानं त्याच्यासोबत गेले.

बाजारात टेंपोचं फाळकं उघडलं आणि बोकडानं हिसका देऊन दावं सोडवलं. पप्पूदादा शिव्या देत मागे धावला. एवढ्या गर्दीत बोकड सापडतोय कसला! मी आपली टेंपोवर चढले आणि आप्पांची हाक दिली. श्वास आत ओढला आणि सवयीनं थांबले.

बोकड आला. पण पलीकडे चिंचेखाली एक मेंढरांचा कळप होता, त्यातल्या सगळ्या मेंढरांनी माना वर केल्या आणि ती सरळ माझ्याकडे निघाली. माणसं बाजूला झाली, एका भाजीवालीची पाटी कलंडली. आणि मी थांबले होते ना, त्या थांबण्यात चिंचेखालून एका बाईचा आवाज आला, "हूऽऽ ओ!"

त्या थांबण्याच्या जागी काहीतरी असायला हवं होतं, हे मला तेव्हा कळलं.

मेंढरांमागून ती बाई आली. हिरवं लुगडं, हातात काठी, आजीपेक्षा थोडी लहान असेल. तिनं मला टेंपोवरून खाली उतरवलं.

"ही हाक तुला कुनी शिकवली गं?"

"आप्पांनी. माझ्या वडलांनी."

"ही आमच्या घरची हाक हाय. माझ्या सासऱ्याची. आमची लेकरं बोलायच्या आदी हाक मारत्यात. पुढच्यानं हाक मारायची, मागच्यानं ओ द्यायचा, म्हंजी मेंढरं मधी ऱ्हात्यात. बाहेरच्याला ही शिकवत न्हाईत." तिनं माझी हनुवटी धरून तोंड उन्हाकडे केलं. "कुठली तू?"

"राजुरीची."

तिचा हात खाली आला. मागे वळून ती मेंढरं आवरायला लागली. मी तिच्या पाठी पाठी गेले. गप्प बसायचा माझा स्वभावच नाही. काय झालं, राजुरीचं नाव घेतल्यावर असं का केलंत, मी विचारत राहिले. शेवटी ती थांबली.

"राजुरीच्या शिवारात आमी उतरत न्हाई, पोरी. वळसा घालून जातो. तिथं माझं पोर मातीत हाय. राघू. बहात्तरच्या दुष्काळात गेलं." डोळे पुसून ती म्हणाली, "तुझ्या बापानं कुठंतरी ऐकली आसंल हाक. परवा आमचा वाडा हालनार हाय. नीट जा घरी."

तिचं नाव बाळाबाई, हे बोकड घेणाऱ्या व्यापाऱ्याकडून मला कळलं. मेंढपाळ आपल्या मुक्कामाला वाडा म्हणतात, हेही त्यानंच सांगितलं.

घरी आल्यावर मी आप्पांना विचारलं, "ही हाक तुम्ही कुणाकडनं शिकलात?"

ते कांद्याच्या वाफ्याला पाणी सोडत होते. जरा विचार करून म्हणाले, "शिकलो न्हाई. तोंडातच व्हती."

रात्रभर माझं डोकं गरगरत राहिलं. गावात सगळे जण दिवाळीनंतर आपापल्या रानात मेंढरं बसवतात. लेंडीखत मिळतं, ज्वारी तरारून येते. आमच्या रानात मात्र आजीनं कधी एक मेंढरू बसू दिलं नाही. बेल्ह्याच्या बाजाराची शपथ होतीच. आणि ओढ्याकाठच्या बाभळीखाली दगडांचा एक ढीग होता. 'म्हसोबा हाय, तिकडं फिरकायचं न्हाई,' असं आजीनं आम्हाला बजावलेलं. दर अमावास्येला ती तिथं भाकरी ठेवायची. मीही ते मुकाट्यानं मानत आले होते, माझ्यासारखी चौकस पोरगी! त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं, तो म्हसोबा नसावा.

सकाळी आप्पा आणि आई कांदालागणीला वरच्या रानात गेले. आजी गिरणीत दळण घेऊन गेली. मी कुदळ घेतली आणि ओढ्यावर गेले.

भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. खाली हाडं निघाली तर काय करायचं, हे मी ठरवलंच नव्हतं. दगड बाजूला केले, खणत गेले. हातभर खोल गेल्यावर कुदळ एका मडक्याला लागली. त्याचं तोंड फडक्यानं बांधलेलं होतं, फडकं हात लावताच विरलं. आत काळ्या लोकरीचा भुगा होता आणि त्यात चांदीचे दोन वाळे, लहान मुलाच्या पायातले. आणखी खणलं. खाली नुसता मुरूम लागला, कुणी कधीही न हलवलेला. हाडं नव्हतीच.

"हर्षे."

आजी मागे उभी होती. डोक्यावर पिठाचा डबा तसाच. मला वाटलं, आता ती ओरडेल, कुदळ हिसकावून घेईल. तिनं डबा खाली ठेवला आणि मातीतच बसली.

"आजी, राघू कुठंय?"

तिनं वरच्या रानाकडे पाहिलं. तिथं आप्पा वाकून कांदा लावत होते.

मग ती बोलली, माझ्याकडे न बघता. "लई ताप व्हता त्याला. गोवर उठला व्हता. वाड्यात दुसरी लेकरं व्हती, त्यास्नी लागंल म्हनून माझ्यापाशी ठिवला. पाऊस पडला का नेतो म्हनले. मला लेकरू नव्हतं, हर्षे. आठ दिस मी त्याला मांडीवरनं खाली ठिवला न्हाई. जगला. पाऊस काय लवकर पडला न्हाई. वर्साभरात मला आई म्हनाया लागला."

"आणि ते न्यायला आले?"

"आले. आदल्या दिशीच कळलं, वाडा बेल्ह्याला आलाय. मी पोरगं भावाकडं घोडेगावला धाडलं. हितं मडकं पुरलं, दगड रचले. ती बाई आली आन् तिनं त्या दगडावर डोकं ठिवलं. तवा माझं पोर घोडेगावला भाकरी खात व्हतं." आजीनं पदर तोंडात धरला. "मग भावाचा पोरगा म्हनून परत आनला. नाव बदललं. कापडं बदलली. त्याचं घोंगडं जाळवलं न्हाई, म्हनून मडक्यात पुरलं. पर शेरडं बघितली का ते हाक मारायचं. मी मारलं त्यापायी दोनदा. मग म्हनलं, मारू दे."

"आणि भाकरी कशाला ठेवत होतीस? आत कुणी नसताना?"

"पोर गेलं म्हनून बोलले, ते खरं व्हऊ नये म्हनून."

मला आजीचा राग आला. इतका राग मला कुणाचा कधी आला नव्हता. एक बाई तीस वर्षांवर एका गावाला वळसा घालत होती आणि ही इथं पिठाचे डबे आणत होती. पण याच बाईनं मला न्हाऊमाखू घातलं होतं, माझ्या केसातल्या उवा काढल्या होत्या. मग मी कोण? माझं नाक कुणाचं? हे सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी रडायला लागले.

"त्याला सांगू नगंस," आजी म्हणाली. "तो जाईल."

"आजी, आप्पा हाक मारून थांबतात ते बघितलंस कधी? रोज थांबतात. कुणाच्या तरी ओची वाट बघतात, आणि त्यांना हे ठाऊकसुद्धा नाही."

आजीनं वाळे उचलून पदरानं पुसले.

"उद्या त्यांचा वाडा हलणार आहे. तू सांग. नाहीतर मी सांगीन."

"तू लई हट्टी हायेस."

"तुझ्यावर गेलेय," मी म्हणाले. रागानं म्हणाले खरं, पण ते खोटं नव्हतं.

आम्ही दोघींनी दगड पुन्हा रचले. वाळे तिनं कनवटीला लावले. त्या दिवशी ती जेवली नाही. मी सारखी तिच्याकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघायचं टाळत होती. संध्याकाळी आप्पांनी शेरडांना हाक मारली आणि थांबले. आजी चुलीपुढे होती. तिचा फुंकणीवरचा हात थांबला.

दुसऱ्या दिवशी आप्पा पहाटेच्या एसटीनं घोडेगावला कामाला गेले. मी उठून बघते तर आजी घरात नाही. बाभळीखाली बघितलं, विहिरीवर बघितलं. विहिरीत डोकावूनही बघितलं. पप्पूदादाची मोटारसायकलही जागेवर नव्हती. आई म्हणाली, "म्हातारी पप्पूला उठवून त्याच्या गाडीवर बसून गेली. जन्मात कधी बसली न्हाई. कुठं गेली काय सांगून न्हाई गेली."

माझी दुपार कशी गेली ते मलाच ठाऊक. ऊन कलल्यावर बेल्ह्याच्या बाजूनं धुरळा दिसला. पुढे मेंढरं, मागे घोड्यावर बिऱ्हाड, आणि सगळ्यांच्या पुढे माझी आजी, चालत. तिच्या शेजारी बाळाबाई होती. दोघींच्या तोंडावर रडल्याच्या खुणा होत्या आणि दोघी एकमेकींशी एक शब्द बोलत नव्हत्या. बाळाबाईच्या मुठीत ते वाळे होते.

आजीनं बांधाचं काटेरी कुंपण स्वतः ओढून बाजूला केलं. "बसवा मेंढरं," ती म्हणाली. "हितं, घराम्होरं."

आमच्या रानात पहिल्यांदा मेंढरं बसली. बाळाबाई कळपाच्या पलीकडे, ओढ्याच्या अंगाला जाऊन बसली. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घातली.

आप्पा दिवस मावळायच्या सुमाराला आले. पिशवी हातात तशीच धरून ते बांधावर उभे राहिले. "आई? मेंढरं कुनी बसवली?"

"मी," आजी म्हणाली. ओट्याच्या पायरीवर बसली होती ती. "भगवंता, हाक मार."

"शेरडं तर गोठ्यात हायेत."

"मार म्हनते ना."

आप्पांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. पिशवी खाली ठेवली. टक् टक्. हीऽऽर्रर्र. श्वास आत.

सगळी मेंढरं एकदम उठून उभी राहिली. आप्पा नेहमीसारखे थांबले.

"हूऽऽ ओ!" पलीकडून बाळाबाईनं ओ दिला. आवाज मध्येच फाटला, तरी तिनं तो शेवटपर्यंत नेला.

आप्पा हलले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, वळून आजीकडे पाहिलं. आजीला याच नजरेची भीती होती.

"जा," आजी म्हणाली. "मागून सांगीन समदं. मी हितंच हाय."

आप्पा मेंढरांतून वाट काढत निघाले. मी आजीजवळ पायरीवर जाऊन बसले आणि तिचा हात धरला. तो थंडगार होता. अर्ध्या वाटेवर आप्पा थांबले, मागे वळले. आजी तिथंच आहे की नाही, एवढंच त्यांनी बघितलं आणि पुन्हा चालायला लागले.