पुढचं रीळ मागं

नंदाला सिनेमा दाखवायचा, हे मार्तंडराव वकिलांनी ठरवलं. आता वकिलानं कोर्ट सांभाळावं का लोकांच्या लेकी? पण अंबडात त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा, आणि नंदाचे वडील रामराव तर पेरणीसुद्धा त्यांना विचारून करायचे.

गोष्ट अशी होती. बदनापूरला नंदाच्या नवऱ्यानं, मच्छिंद्रानं, दुसरी बायको करून घरात आणली. नंदा त्याच दिवशी ताठ मानेनं माहेरी निघून आली. पुढं तीन वर्षं कुणी तिची चौकशी केली नाही. आता त्या दुसरीला दिवस गेले, गोठ्यात शेण काढायला हात कमी पडले, तेव्हा मेल्याला पहिलीची आठवण झाली. गरज सरो नि वैद्य मरो म्हणतात. इथं गरज पडली आणि मेलेला वैद्य उठून बसला! इकडं नंदा सातवी पास होऊन औरंगाबादला मास्तरणीच्या ट्रेनिंगसाठी निवडली गेली होती. तिथं सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि मच्छिंद्रानंही तिला नांदायला आणून सोडायचा निरोप धाडून सोमवारच धरून ठेवला होता.

"बापू, त्या घरचं पाणीबी पिणार न्हाई मी," नंदानं सांगून टाकलं.

रामराव रडकुंडीला आले. वकील म्हणाले, "जबरदस्ती करू नका. बाजारतळावर तंबूत पिक्चर आलाय, मी जालन्यात पाहिलाय. एक शास्त्रज्ञ यंत्र बनवतो. त्यात बसलं की न जगलेलं आयुष्य दिसतं. नायिका घर सोडायला निघते, यंत्रात बघते तर पुढं सगळी दैना. मग येऊन नवऱ्याचे पाय धरते. दाखवा पोरीला. डोळे बराबर उघडतील."

शनिवारी संध्याकाळी रामराव लेकीला घेऊन तंबूत गेले. मधे दोरी, अलीकडं पुरुष, पलीकडं बाया. मशीन एकच, त्यामुळं रीळ संपलं की दिवे लागायचे, पुंजाराम ऑपरेटर दुसरं चढवायचा, आणि तेवढ्यात बायांचा निवाडा सुरू व्हायचा. "जाऊ नको गं!" "जा की, काय ठिवलंय तिथं!" त्या गलक्यात पुंजारामनं घोटाळा केला. शेवटचं रीळ आधी लावलं.

नायिकेची सगळी दैना झाली, तिनं नवऱ्याचे पाय धरले. समाप्तची पाटी आली. लोक उठले तसा पुंजाराम ओरडला, "बसा, बसा! एक रीळ बाकी हाय!"

बसले बापडे. कुणाला काही वावगं वाटलं नाही. सिनेमाच तसा, पाय धरले ते यंत्रात दिसलं असंल, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मग बाकी राहिलेलं रीळ लागलं. नायिकेनं पिशवी उचलली, आगगाडीत बसली. नवरा फलाटावर धावत राहिला, तिनं वळूनही पाहिलं नाही. दिवे लागले. लोक घरी गेले.

घरी येताच नंदा म्हणाली, "सोमवारी निघू, बापू." रामरावांना वाटलं, पावला सिनेमा!

दुसऱ्या दिवशी वकिलांना सगळं कळलं. ते पुंजारामवर असे तडकले की बाजारतळ गोळा झाला. पण लेक आपणहून ट्रंक भरत होती, म्हणून रामरावांनी रिळाचा घोटाळा घरात सांगितला नाही.

सोमवारी एसटीनं जालना आणि जालन्यातून गाडी. बदनापूर आधी, औरंगाबाद पुढं, रूळ एकच. रामरावांनी बदनापूरची दोन तिकिटं काढली. गाडीत मात्र त्यांना राहवेना. माणूस भित्रा, पण खोटा नव्हता.

"नंदे, ते रीळ चुकून मागं लागल्तं. खरा शेवट पाय धरायचाच हाय."

नंदा खिडकीबाहेर बघत होती. "मंग बापू, पाय धरल्यावर लोक घरी गेल्ते का?"

"न्हाई."

"गाडी सुटल्यावर गेले ना? मंग तोच शेवट. मी तरी तोच पाह्यला."

बदनापूर आलं. रामराव ट्रंक घेऊन खाली उतरले. नंदा जागची हलली नाही.

"उतर, माय. टिकीट इथवरचंच हाय."

"पुढलं मी बघते."

न्यायला आलेला मच्छिंद्र खिडकीशी आला. "उतरती का वढू?"

नंदाच्या अंगाची आग झाली. "हात लावून तर बघ! शेण काढायला गडी ठेव. मी आता पोरं शिकवणार हाय."

डबा हसला. शिट्टी झाली. मच्छिंद्र रामरावांकडं वळून म्हणाला, "ठिवा ती ट्रंक खाली. लुगड्याबिगर कुठं जाती? येईल कुत्र्यावानी मागं."

आयुष्यभर ज्यांनी दुसऱ्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकलं नाही, त्या रामरावांनी या वेळी कुणालाच विचारलं नाही. गाडी हलली होती. ते धावले, ट्रंक दारातून आत लोटली आणि ओरडले, "जा! बिलकुल उतरू नको!"

मच्छिंद्र फलाटावर धावत राहिला, पुंजारामच्या रिळातल्यासारखाच. नंदानं मात्र दारात येऊन मागं पाहिलं. फलाटाच्या टोकाला बापू पटक्याच्या शेवानं डोळे पुसत उभे होते.

"दिवाळीला येते, बापू!" ती ओरडली. "घ्यायला ठेसनावर या!"