दोन मशिनांची साक्ष

माझे बाबा आणि माझी आत्या एकाच गावात राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. अगदीच अबोला आहे असं नाही. लग्नकार्यात समोरासमोर आले तर माझ्यामार्फत बोलतात. "तुझ्या बाबांना सांग, पंख्याखाली बसू नको, सर्दी होईल." बाबा हातभर अंतरावर असतात, तरी मी सांगते. ते म्हणतात, "तिला सांग, ऐकलं."

भांडणाचं कारण एक पितळी डबी. लहानपणी दोघांनी साठवलेली नाणी तिच्यात भरून घराच्या मागच्या अंगणात पुरली होती. मोठेपणी वाटून घ्यायची असं ठरलं होतं. पुढे आत्याने खणून पाहिलं, तर डबी नाही. जागा दोघांनाच ठाऊक, म्हणून तिने सरळ बाबांवर आळ घेतला. बाबांचं म्हणणं, मधल्या काळात मागची खोली बांधली, पायाची माती अंगणात पसरली, डबी आहे तिथेच आहे, फक्त खोल गेली. आत्याचं म्हणणं, त्याला कारणं पहिल्यापासूनच छान सुचतात. घर आता आत्याकडे आहे, आणि बाबांनी त्या अंगणात पुन्हा पाऊल टाकलेलं नाही.

यंदा बाबांच्या छातीत दुखलं आणि ते काही दिवस दवाखान्यात राहून आले. घरी आल्यावर पहिलं काम काय केलं, तर मेटल डिटेक्टर मागवला. निळा, मोठ्या चकतीचा, पडदा असलेला. "खूप खोलवरची नाणी शोधतो म्हणे," ते म्हणाले. "तू घेऊन जा. मी गेलो तर ती म्हणेल, आता परत पुरायला आलाय. मरताना तरी तिच्या लेखी मी चोर नको गं." हे म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. आपण कुणाच्या अध्यातमध्यात पडत नाही असं मी सगळ्यांना सांगत फिरते, पण मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या डबीची उत्सुकता मलाही लहानपणापासून होती.

आत्याने निळं मशीन दारातच अडवलं. "त्याचं मशीन त्याच्याच बाजूने बोलणार."

मी येणार हे कळताच तिने शेजारच्या प्लंबरकडून त्याचं मशीन आणून ठेवलं होतं. जुनं, दांड्याला चिकटपट्टी गुंडाळलेलं. मातीखाली गेलेली पाइपांची झाकणं शोधायला तो ते वापरतो. "हे माझ्या बाजूचं," ती म्हणाली.

"आत्या, मशीनला बाजू नसते."

"मग दोन्ही चालव की. घाबरतेस कशाला?"

मी कानाच्या दवाखान्यात श्रवणचाचण्या घेते. लोकांना हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आला की बटण दाबा म्हणायचं. त्यामुळे एक गोष्ट मला पक्की ठाऊक आहे. माणसाला आवाज हवा असला, की तो नसतानाही ऐकू येतो. म्हणून दोन्ही मशिनांची आधी परीक्षा घ्यायची असं मी ठरवलं. मी आत तोंड फिरवून बसायचं, आत्याने अंगणात खड्डे करायचे, काहींत नाणी पुरायची आणि काही नुसतेच बुजवायचे. आत्याला हा खेळ इतका आवडला की ती बाहेरून हाक मारायचं नावच घेईना.

वीतभर खोलीपर्यंत दोन्ही मशिनं पास झाली. प्लंबरचं जरा जास्तच उत्साही होतं. खिळा असो की बाटलीचं झाकण, सगळ्यांना सारखाच भोंगा. निळ्याचे सूर वेगवेगळे होते, लोखंडाला घोगरा आणि नाण्याला बारीक. वितीच्या खाली गेल्यावर प्लंबरच्या मशीनने मान टाकली. निळ्यात मात्र अजून कुजबुज होती. हात कोपरापर्यंत जाईल एवढं खोल पुरलेल्या एकट्या नाण्याला तेही मुकं झालं, पण आत्याने तिथेच मूठभर नाणी एकत्र ठेवली, तेव्हा हेडफोनमध्ये अगदी लांबून काहीतरी आलं. चकती सावकाश फिरवली की यायचं, घाई केली की नाहीसं व्हायचं. मला त्यात इतकी गंमत वाटायला लागली की मी डबी विसरूनच गेले.

शेवटच्या खड्ड्यावर मी हात वर केला. "इथेही आहे. फार खोल आहे, पण आहे."

आत्याने टाळी वाजवली. "तिथे काही नाही! नुसती माती आहे!"

माझा चेहरा पडला. आवाज नसताना बटण दाबणाऱ्यांना रोज पकडणारी मी, स्वतःच पकडले गेले. मशीनला बाजू नव्हती, मला होती. बाबा सुटावेत असं मला वाटत होतं आणि माझे कान त्यासाठी काहीही ऐकायला तयार होते.

मग खरा शोध सुरू झाला. आत्याने सांगितलेल्या मागच्या भिंतीलगत मी आधी प्लंबरचं मशीन फिरवलं. त्याने चार खिळे सांगितले आणि गप्प बसलं. निळं घेतलं. भिंतीच्या कोपऱ्याजवळ, फार खालून, तो बारीक सूर आला. पुन्हा फिरवलं, पुन्हा आला. मी आडवी गेले, उभी गेले. पण आता माझा माझ्या कानांवर भरवसा नव्हता. मी हेडफोन काढून आत्याच्या डोक्यावर चढवले आणि दांडा तिच्या हातात दिला.

तिने डोळे मिटले. चकती इकडून तिकडे नेली, परत आणली. मग हेडफोन काढून तिने त्याच जागी टाचेने खूण केली.

मी फावडं उचललं.

"ठेव ते," ती म्हणाली. "आधी त्याला फोन लाव."

"अगं, खणून तर बघू दे!" माझे हात शिवशिवत होते.

"डबी हातात आल्यावर कोणीही म्हणेल, तू नेली नाहीस. त्यात माझं काय गेलं?" तिने माझ्याकडे पाहिलं. "चोरी केलेला माणूस एवढं महागाचं मशीन पाठवतो होय? हे मला ते दारात आलं तेव्हाच कळायला हवं होतं. लाव फोन."

मी फोन लावून दिला. "मी बोलतेय," आत्या म्हणाली. "डबी तू नेली नाहीस. चुकलं माझं." पलीकडून बाबा काहीतरी विचारत होते. "नाही, सापडली नाही. खणलंच नाही अजून. तू ये, मग खणू."

बाबा आले ते घरातल्या चपला घालूनच आले. खणायचं काम अर्थातच माझ्याकडे. बाबांना डॉक्टरांनी वाकायला मनाई केलेली, आणि आत्या देखरेखीत वाकबगार. "हळू, हळू. चेपशील तिला," असं दोघंही दोन बाजूंनी सांगत होती. कोपराच्याही बरंच खाली गेल्यावर फावडं खणकन वाजलं. मी हातांनी माती सारली आणि ते वर काढलं.

पितळी नळ होता. जुना, जाडजूड, चावीसकट.

मी भिंतीच्या कडेने पुन्हा निळं मशीन फिरवलं, खड्ड्यातही धरलं. आवाज नाही. बाबांचा चेहरा पार उतरला.

"ताई," ते म्हणाले, "तू फोन केलास खरा, पण आता..." ते खड्ड्याच्या काठावर मातीतच बसले आणि रडायला लागले. मी बाबांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला खूप वाईट वाटलं, आणि काय करावं ते सुचेना.

आत्याने त्यांच्या दंडाला धरलं. "उठ आधी. ओली माती आहे, पँटचा सत्यानाश होईल. दुखणं काढून आलायस ना, असा बसतोस?" ते उठले. तिने त्यांच्या कपड्यांवरची माती झटकली, मग नाक पुसायला पदर पुढे केला.

मला मात्र राहवलं नाही. "आत्या, पण मग डबी गेली कुठे?"

बाबा तिच्याकडे बघायला लागले. आत्याने सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली.

"जाते कुठे?" ती म्हणाली. "असेल इथेच."